डावी पापणी

“अंकल, पलकें झपकाओ,” अमरदीप म्हणाला.

तेजरामनी डोळे मिटले. म्हणजे उजवा मिटला. डावा उघडाच राहिला, गेली एकतीस वर्षं राहतो तसा. मोबाइलच्या पडद्यावर चेहऱ्याभोवतीचा गोल हिरवा व्हायला हवा होता, तो लाल झाला.

“दो चान्स बचे हैं,” अमरदीप हळूच म्हणाला. “तीन बार फेल हुआ तो ये पासपोर्ट सात दिन के लिए बंद.”

स्मृति नगरच्या त्या च्वाइस सेंटरात अमरदीप एरवी जातीचे दाखले आणि पेन्शनचे कागद करायचा. परदेशी जायचा फॉर्म त्याच्याकडे पहिल्यांदाच आला होता. त्या देशाला व्हिसा लागत नव्हता, पण निघण्याआधी कॉम्प्युटरवर परवानगी घ्यावी लागायची आणि त्यासाठी माणूस जिवंत आहे हे कॅमेऱ्यासमोर डोळे मिटून दाखवावं लागायचं. बरोबर आलेल्या बायकोचं, बेबीताईंचं, दहा मिनिटांत झालं. त्यांची परवानगी छापून टेबलावर पडली होती.

विमान परवाचं होतं. मुलगा पीयूष आफ्रिकेत एका स्टीलच्या कारखान्यात भट्टीवर कामाला होता. आठ दिवस तो फोनवर चेहरा न दाखवता बोलत होता. कॅमेरा खराब झाला म्हणाला. बेबीताईंना ते पटलं. तेजरामना नाही पटलं. त्यांनी सरळ कंपनीत फोन लावला, तेव्हा कळलं की हॉट मेटल, म्हणजे वितळलेलं लोखंड, उसळलं आणि पोराच्या तोंडावर आलं. जीव वाचला होता. तोंडावरच्या पट्ट्या शुक्रवारी सोडणार होते. दोघांची तिकिटं कंपनीनंच पाठवली.

“सरका जरा. मी करते,” बेबीताई नवऱ्याला म्हणाल्या.

रोज रात्री झोपताना त्या दोन बोटांनी ही पापणी खाली ओढायच्या आणि वर कागदी टेपची पट्टी लावायच्या. त्यांच्या हाताला तिचा अंदाज होता. अमरदीपनं मोबाइल धरला, तेजरामनी उजवा डोळा मिटला आणि बेबीताईंनी बाजूनं हात घालून डावा मिटवला. छान मिटला.

गोल लाल झाला. चेहऱ्यावर हात नको, असं पडद्यावर आलं.

“कावून नको?” बेबीताई पडद्यालाच विचारू लागल्या. “माहाच हात आहे ना तो.”

अमरदीपला हसू आलं नाही. तो बिचारा मघापासून पडद्यावरच्या तेजरामकडेच बघत होता. समोरच्या खुर्चीतल्या तेजरामकडे त्यानं एकदाही नीट पाहिलं नव्हतं. लोक असंच करतात. तेजरामना ते चांगलं ठाऊक होतं.

“पासपोर्टच्या ऑफिसात तर नुसता फोटो काढला होता,” ते म्हणाले. “त्या बाईनं काही मिटायले नाही सांगितलं.”

“ये मशीन है अंकल. मशीन को क्या समझाओगे.”

अमरदीपनं मदतीचा नंबर शोधला, तर नंबर नव्हताच. लिहून कळवा, सात दिवसांत उत्तर देऊ, एवढं होतं. त्यानं लिहून कळवलं. उत्तर आलं ते लगेच, आपोआप: तुमचा निरोप मिळाला.

मग तिसरी वेळ. तेजराम खुर्चीत ताठ बसले. पाय फाकवून, मुठी गुडघ्यांवर, पाळी सुरू होताना भट्टीसमोर उभे राहायचे तसे. त्यांनी सगळा चेहरा आवळला. गाल वर चढला, ओठ वाकडा झाला, मानेची शीर फुगली. उजवा डोळा पाच वेळा मिटला. डावा बघत राहिला. चेहरा भाजल्यावरही पुढं अठ्ठावीस वर्षं फर्नेसला तोंड दिलेला माणूस नखाएवढ्या कातडीपुढं हरला.

पडदा लाल झाला आणि मग पांढरा.

“आंटी का तो हो गया है,” अमरदीप म्हणाला. टेबलावरचा कागद त्यानं पाकिटात घातला आणि बेबीताईंच्या हातात दिला.

बाहेर उन्हात स्कूटर तापली होती. बेबीताई तिच्याजवळ नुसत्याच उभ्या राहिल्या.

“मी एकटी कशी जाऊ? तुमसरच्या पुढं एकटी गेली नाही मी कधी. मले तिथली बोली नाही येत. विमानात कुठं बसाचं, तेबी नाही माहीत.”

“जाशीन. विचारत विचारत जाशीन.”

“अन् तुमी?”

तेजरामनी खिशातून रुमाल काढला आणि डावा डोळा टिपला. तो उन्हात असाच पाझरायचा. या वेळी उजवाही टिपावा लागला.

“शुक्रवारी पट्टी सोडतीन,” ते म्हणाले. “डॉक्टर म्हणन बाहेर थांबा. तू नको थांबू. तिथंच उभी राह्यजो.”

“हो.”

“तो पहिले आरशात नाही पाहणार. तो तुह्या तोंडाकडं पाहीन.”

“हो.”

“मग खाली नको पाहू.” तेजराम किल्लीशी चाळा करत राहिले. “माही पट्टी सोडली तवा तू खाली पाह्यलं होतं.”

एकतीस वर्षांत हे ते पहिल्यांदाच बोलले होते. बेबीताईंनी नाही म्हटलं नाही. सेक्टर नऊच्या हॉस्पिटलमधली ती फरशी त्यांना अजून आठवत होती, राखाडी, काळ्या ठिपक्यांची.

त्यांनी मान वर केली आणि नवऱ्याच्या न मिटणाऱ्या डोळ्यात बघितलं. रस्त्यानं लोक जात होते. बेबीताईंची पापणी लवली, परत लवली, पण त्यांनी नजर काढली नाही.