अर्थिंगची ओल

दूध सोसायटीत नेटवर्कच्या यंत्रांचं नवं रॅक, कपाटासारखं लोखंडी, येऊन उभं राहिलं, पण वायरमननं मीटर लावून बघितला आणि वीज जोडायला साफ नकार दिला. दुष्काळानं अर्थिंगच्या खड्ड्यातली माती पार वाळून गेली होती.

"ओल न्हाई तर अर्थिंग लागत न्हाई. आत एखादी वायर उघडी पडली, तर रॅकच्या दाराला हात लावणाऱ्याला शॉक बसंल. खड्ड्यात रोज पाणी घाला, मग बोलवा मला."

सोसायटीत कॉम्प्युटरवर बसणाऱ्या गंगासागरनं घरी सासूला, मल्लम्माला, हे सांगितलं.

"माणसाला मिळंना, अन् खड्ड्याला पाणी?" एवढंच म्हणून मल्लम्मानं रोजच्यासारखी टँकरच्या पाण्यातली पहिली कळशी महादेवाच्या अभिषेकासाठी बाजूला काढली. या दुष्काळातही तिचा तो नेम कधी चुकला नव्हता.

सकाळी गंगासागर सोसायटीच्या मागं गेली आणि थबकली. पिंडीवरचं तांब्याचं अभिषेकपात्र अर्थिंगच्या खड्ड्यावर टांगलेलं होतं. थेंबथेंब पाणी मातीत मुरत होतं. शेजारी रिकामी कळशी घेऊन मल्लम्मा बसली होती.

"आत्याबाई, आन् महादेव?"

"त्यो राहील कोरडा," मल्लम्मा थेंबांवरची नजर न काढता म्हणाली. "त्या दाराला रोज हात तुझा लागनार हाय."