गप्प केलेले पॉइंटर

चाचणी विभागातल्या बाईंनी ऑक्सिजन मशीनची नळी चिमटीत दाबून धरली. तांबडा दिवा लागला. बझर मात्र तोंडात मिठाची गुळणी धरून बसला.

"दिवा लागतोय ना," मशीनचा प्रोग्राम लिहिणाऱ्या विभागाचा प्रमुख म्हणाला. गाडीची किल्ली त्याच्या हातात होती. या नव्या मॉडेलचं पहिलं मशीन तो आज आपल्या आईसाठी घरी नेणार होता. तिचं जुनं मशीन अलीकडे मधेच बंद पडायला लागलं होतं. "आईला दिसेल दिवा."

"झोपेत?"

तो संगणकासमोर बसला. चिप बदलली, म्हणून लिहिलेला प्रोग्राम तिच्या भाषेत उतरवणारा कंपायलरही बदलला होता. जुन्या प्रोग्रामात प्रत्येक पॉइंटरला, म्हणजे मेमरीतल्या पत्त्याला, एक शब्द चिकटलेला असे: पत्ता कायमच्या मेमरीतला की तात्पुरत्या. नव्या कंपायलरचे शब्द वेगळे. ते बदलायचं काम प्रमुखाने हौसेने अंगावर घेतलं. आधी नीट केलं, मग कंटाळला. पुढे जिथे कंपायलर 'हा पत्ता जुळत नाही' म्हणून कुरकुरला, तिथे त्याने 'मी सांगतो तसं समज' असा हुकूम लिहून टाकला. कंपायलर बिचारा हुकमाचा ताबेदार. कुरकुर थांबली आणि साहेबांना वाटलं, काम फत्ते.

बझरच्या सुरांचा तक्ता कायमच्या मेमरीत होता. मशीन तो तात्पुरत्या मेमरीत शोधत होतं आणि तिथे नुसती शून्यं होती.

"एवढं एकच असेल, नाही का?"

"ते तुम्हालाच माहीत, सर. किती ठिकाणी गप्प बसवलंत त्याला?"

त्याला आठवेना. याचीच त्याला जास्त लाज वाटली.

त्याने किल्ली खिशात टाकली आणि एकेक हुकूम शोधून पुसला. वॉर्निंगांनी पडदा खालपर्यंत भरला. मग त्याने घरी फोन लावला.

"आई, नवं मशीन आज नाही आणत. थोडे दिवस जुन्यावर निभेल ना?"

"निभेल की. माझी कसली तक्रार?" ती थांबली, तिने श्वास घेतला. "तू जेवलास का?"

"माझं राहू दे. खरं सांग, रात्री किती वेळा उठून बसावं लागतं तुला?"

पलीकडून जुन्या मशीनची घरघर ऐकू येत होती.

मग आई म्हणाली, "सांगू?"