मुलं उठतील म्हणून

नुसतं "सोड" असं ओरडायचं होतं, आणि मावशीला तेवढंच जमत नव्हतं.

तिचं मनगट एका धिप्पाड माणसाच्या मुठीत होतं. त्याच्या अंगावर जाड स्पंजचा पोशाख, डोक्यावर जाळीचं हेल्मेट. हा स्वसंरक्षणाच्या क्लासचाच मदतनीस आहे, मार खाण्याचाच पगार घेतो, हे तिला पक्कं ठाऊक होतं. तरी दातखीळ बसली ती बसलीच. बाकावर दोघींच्या पिशव्या सांभाळत बसलेली नणंद मुद्दाम मोबाइलमध्ये डोकं घालून बसली. वहिनीची फजिती बघायला नको म्हणून.

"ओरडा," शिकवणाऱ्या बाई म्हणाल्या. पिकलेले केस, सडपातळ अंग, गळ्यात शिट्टी.

मावशीने तोंड उघडलं. श्वास तेवढा बाहेर आला.

महिन्यापूर्वी पार्किंगच्या जिन्यात असंच झालं होतं. कुणीतरी मागून मनगट धरलं. वरून पावलं वाजली म्हणून तो पळाला. पर्स शाबूत, हाडं शाबूत. घरचे म्हणाले, सुटलीस, काही झालं नाही. पण त्या वेळी आपल्या तोंडातून ब्रसुद्धा निघाला नव्हता, हे मावशीने कुणालाच सांगितलं नाही. उद्या पुन्हा कुणी धरलं तर पुन्हा अशीच मुकी उभी राहीन, ही धास्ती तेव्हापासून तिच्या मनात मुक्कामाला आली होती.

घरात मात्र जो तो तज्ज्ञ झाला. नवऱ्याने मिरचीचा फवारा आणला आणि कसा मारायचा ते दाखवताना स्वतःच शिंकत बसला. दिराने कराटे सुचवलं. तिथे सगळ्यांच्या आरोळीत मावशीने फक्त ओठ हलवले. नणंदेने बॉक्सिंग शोधून काढलं. तिथे बोलायचं कामच नव्हतं, नुसती टांगलेली पिशवी बडवायची. दोन्हीकडे तिची लबाडी खपून गेली. त्यामुळे तिला बरं वाटलं, आणि बरं वाटलं म्हणूनच हे आपल्या कामाचं नाही हेही कळलं. हा तिसरा क्लास.

"तुम्ही काम काय करता?" बाईंनी विचारलं. मदतनिसाला मात्र हात सोडू नको म्हणून खुणावलं.

"पाळणाघर चालवते." तेही कुजबुजत.

"मग पोरांवर ओरडत असालच की."

"छे हो. मुलं उठतील ना."

बोलून गेली आणि तिचं तिलाच नवल वाटलं. इतकी वर्षं रोज दुपारी ती एका खोलीत 'मावशी, मावशी' करणारी बारकी पोरं निजवत होती. दार हळू, कपाट हळू, शिंक आली तरी ती बाहीत. एक जागं झालं की सगळी फौज जागी. जिन्यातही घशाने इमानदारीत तेच केलं होतं.

"वहिनी भांडतेसुद्धा कुजबुजून," नणंद बाकावरून म्हणाली. "दादाला टीव्ही बंद करून ऐकावं लागतं."

बाई हसल्या नाहीत. "आणि एखादं पोर दुसऱ्याला चावलं तर?"

"तेव्हा तर मुळीच ओरडायचं नाही. ते घाबरतं आणि दात आणखी रोवतं."

"मग काय करता?"

"अगदी जवळ जाते. डोळ्यांत बघते. आणि सांगते."

"काय सांगता?"

"सोड म्हणून."

"याला सांगा तसं."

मावशी वळली. इतका वेळ ती दाराकडेच बघत होती. जाळीआड दोन डोळे होते, विशीतल्या पोराचे. हात मागे ओढणं तिने थांबवलं आणि उलट एक पाऊल पुढे टाकलं. मान ताठ झाली. आवाज चढला नाही. तो पोटातून आला, खालच्या पट्टीत, विनवणीचा लवलेश नसलेला.

"सोड. आत्ता."

मनगट मोकळं झालं.

मदतनीस स्वतःच्या पंजाकडे बघत राहिला. "मी सोडणार नव्हतो," तो बाईंना तक्रारीच्या सुरात म्हणाला. "सुटला."

मावशी मॅटवर मटकन बसली, हसायला लागली, आणि हसता हसता डोळे वाहायला लागले ते तिने वाहू दिले. आवाज होता. कुठे गेला नव्हता. महिनाभर टांगणीला लागलेला जीव एकदाचा भांड्यात पडला. नणंद पिशव्या टाकून धावत आली आणि तिच्या पाठीवरून हात फिरवत राहिली.

"सगळेच काही असे ऐकणारे भेटत नाहीत," बाई म्हणाल्या. "हात पिरगाळून सोडवायचा कसा, पळायचं कधी, लोक गोळा होतील असं ओरडायचं कसं, तेही शिकवीन. पण आज पुरे. पाणी प्या."

"मग हाच क्लास ना, वहिनी?" नणंदेने विचारलं. "की अजून एक बघायचा?"

मावशीने डोळे पुसले. उठली. बाईंनी पुढे केलेली पाण्याची बाटली तिने तशीच नणंदेच्या हातात ठेवली, बाही कोपरापर्यंत सारली आणि मनगट त्या पोरापुढे धरलं.

"परत धर," ती म्हणाली. "या वेळी जरा घट्ट."