दोनदा कोण दाबतं?

पोहे खाता खाता बाबांनी फोनवरचं अँब्युलन्सचं लाल बटण दाबलं आणि लगेच पुन्हा दाबलं. बोलावलेली गाडी रद्द झाली.

"बाबा, एकदाच दाबायचं!" शमा वैतागली. कंपनीचं प्रत्येक नवं अ‍ॅप तपासायला ती आधी त्यांच्याच हातात द्यायची.

"घाबरलेला माणूस एकदा दाबून थांबतो होय गं?" तेलकट बोट लेंग्याला पुसत ते हसले. "लिही. चुका माझ्या, नाव तुझं."

त्याच दुपारी ते झोपेतच गेले.

तेरावा उरकून ती ऑफिसात परतली, त्या संध्याकाळी अ‍ॅप लोकांसाठी खुलं होणार होतं. तिने नोंदवलेली चूक तशीच होती.

"दोनदा कोण दाबतं?" टीमचा प्रमुख निनाद घड्याळ बघत म्हणाला. "तू फक्त हो म्हण, पुढच्या वेळी बघू."

सगळे तिच्याकडे बघत होते. तिच्या बारीक नजरेचं इथे नेहमी कौतुक व्हायचं. ती ते मुकाट्याने घ्यायची.

"नाही." शमा म्हणाली. "घाबरलेला माणूस दोनदा दाबतो. ही चूक माझ्या बाबांनी काढलीय. आधीच्याही सगळ्या त्यांनीच काढल्यात."