राहिलेला पेला

चर्चमध्ये प्रभुभोजनाचा ट्रे समोर आला, तसा एस्तेरबाईंनी नऊ वर्षांत पहिल्यांदाच द्राक्षरसाचा पेला उचलला. मनात अढी असेल तर आधी समेट करायचा, मगच पेला घ्यायचा, ही वडिलांनी लावलेली शिस्त. आईच्या शिलाई मशीनवरून थोरल्या बहिणीशी अबोला धरला, तेव्हापासून त्या ट्रे मुकाट पुढे सरकवत आल्या होत्या.

गेल्या मंगळवारी थोरलीला माती दिली. आता अढी धरायची तरी कुणाशी?

शेजारी बसलेली थोरलीची लेक डोळे पुसत कुजबुजली, "मावशी, आईनंसुद्धा नऊ वर्षं तिकडच्या चर्चमध्ये पेला घेतला नाही. म्हणायची, एस्तेर दारात आली की दोघी मिळूनच घेऊ."

थोरलीचं गाव एसटीनं जेमतेम वीस मिनिटांवर होतं.

एस्तेरबाईंनी पेला भरलेलाच ट्रेमध्ये परत ठेवला.