तळातली चिप

नवऱ्याचं घर सोडल्यावर ताईने दोनदा खोली बदलली आणि दोन्ही वेळा तो दारात हजर. दुसऱ्या वेळी तर तिचा हात मोडूनच गेला. लॅपटॉप त्यानेच घेऊन दिलेला, सगळं तिथूनच कळत असणार. कॉम्प्युटर दुरुस्त करणाऱ्या तिच्या धाकट्या भावाने अख्खी विंडोज दोनदा पुसली, तरी मशीन चालू केली की हेरगिरी पुन्हा सुरू.

"काय रे, नुसतं फडकं मारतोस का?" ताई वैतागली.

"अगं ताई, त्याने ते हेरगिरीचं सॉफ्टवेअर थेट बोर्डावरच्या चिपमध्ये घुसवलंय! विंडोजच्या आधी चिप जागी होते आणि ते परत आत सोडते. विंडोज तिला साधी ओळखही विचारत नाही. चिप म्हणाली की खरं!"

मग त्याने ती चिप उपटली, कोरी बसवली, सगळे पासवर्ड बदलले. ताईने लांबच्या गावात तिसरी खोली घेतली. पत्ता आईला आणि भावाला तेवढा ठाऊक. महिना झाला तरी दारात कोणी नाही. परवा तर ती फोनवर चक्क खळखळून हसली.

आज भाऊ जेवायला आला तेव्हा आई फोन ठेवून डोळे पुसत होती.

"कोणाचा होता गं?"



"जावईबापूंचा. काल ढसाढसा रडत होते रे बिचारे. म्हटलं, किती ताणायचं? दिला पत्ता. सकाळीच निघाले होते, आत्ता फोनवर म्हणाले, गावात पोचलो."