लालवरची सुई

मुलुंडच्या नंदकिशोरच्या जुन्या गाडीने गेला महिनाभर त्याचा जीव खाल्ला होता. टेंपरेचर मीटर बदलला, वायर बदलली, रेडिएटर धुऊन घेतला, तरी चावी फिरवली की सुई थेट लालवर. इंजिन थंडगार, बॉनेटवर मांजर झोपलेलं, आणि सुई म्हणे गाडी उकळतेय! उद्या मेव्हणीच्या लग्नाला रत्नागिरीला निघायचं होतं.

"वाट लागली! घाटात खरंच तापली तर कळणार कसं? जा, ट्रंक कॉल लावून सांग, आम्ही येत नाही!" गाडीत बसून, चावी फिरवून सुईकडे बघत तो बायकोवर ओरडला.

"माझ्यावर कसले ओरडता?" वसुधाही भडकली. "टिटवाळ्याहून बाप्पा आणून तुमच्यापुढे बसवला, त्याला महिना झाला. एकदा तरी हात जोडलेत?"

त्याने वैतागून मीटरच्या अगदी वरचा तो बाप्पा उचलला आणि कपाळाला लावला. सुई झरकन खाली आली.

वसुधाचे डोळे भरून आले. त्याचेही. दोन्ही हातांनी, जपून, त्याने बाप्पाला परत जागेवर ठेवलं. बुडाचं लोहचुंबक डॅशबोर्डच्या पत्र्याला टक्कन चिकटलं आणि सुई पुन्हा लालवर.

 

"आता काय पाप आलं हो मनात?" वसुधाने विचारलं.